रेक्टर पाहिजे

उद्घाटनाच्या सकाळी वसतिगृहात सगळं होतं, फक्त रेक्टर नव्हती.

पलंग होते, पलंगांवर नव्या गाद्या होत्या, गाद्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढायचं होतं. दारावर निळी फीत होती. महिला मंडळाच्या बायकांनी वर्षभर खपून जुन्या छापखान्याची ही इमारत खरवडून, धुऊन, रंगवून माणसात आणली होती. फरशीवरचे शाईचे डाग तेवढे काही केल्या निघाले नव्हते. दुपारी मुली यायच्या होत्या, कुणी तंत्रशाळेत जाणारी, कुणी नर्सिंगला. आणि ज्या बाईंना त्यांच्यासोबत राहायला नेमलं होतं त्यांनी सकाळी चहाच्या वेळी फोन करून सांगितलं, की लेकीला दिवस गेलेत, तिच्याजवळ कुणी नाही, तेव्हा आता माझं काही येणं होत नाही.

थोरलीने त्यांचं अभिनंदन केलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग फोन ठेवून ती जवळच्या गादीवर बसली. खालचं प्लॅस्टिक करकरलं. शाळेत हेडबाई म्हणून शेकडो पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई, पण मंडळाची अध्यक्ष झाल्यापासून तिला झोप लागायची नाही.

"काय झालं?" दारात धाकटी उभी होती. बोटात गाडीची किल्ली फिरवत. तिचे ड्रायव्हिंगचे क्लास होते आणि किल्ली हा तिच्या हाताचाच एक भाग झाला होता.

"रेक्टर आजी होणार आहेत."

"कुठल्या?"

"होत्या त्या. आता नाहीत."

धाकटी हसली नाही. प्रकरण किती गंभीर आहे हे थोरलीला त्यावरूनच कळलं. या दोघी जावांचं आजवर पडद्याच्या रंगावरही एकमत झालेलं नव्हतं. धाकटीचा नवरा बोटीवर असायचा आणि थोरलीचा नवरा घरात, आणि दोघींनाही वाटायचं की दुसरीचं बरं आहे.

"मी सांगितलं होतं, दोन नावं हाताशी ठेवा," धाकटी म्हणाली.

"सांगितलं होतंस. आता तू राहतेस का?"

"मी? मला स्वतःची खोली आवरता येत नाही."

तेवढ्यात खालच्या फाटकाची कडी वाजली. दोघींनी खिडकीतून पाहिलं. मावशी आत येत होती. बसथांब्यापासून चालत आली असावी, कारण चेहरा लाल झाला होता, आणि हातात चांगली मोठी बॅग होती, एका दिवसाच्या कार्यक्रमाला कुणी आणत नाही तेवढी.

मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. आज फीत कापायला येणारे पाहुणे तिचेच यजमान. पुलांचे इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, घरात आणि बाहेर सगळेच त्यांना साहेब म्हणायचे. ती त्यांच्यासोबत गाडीतून यायची होती.

"साहेब कुठेत?" थोरलीने जिन्यातच विचारलं.

"येतील बारापर्यंत."

"त्यांना सांगून आलात ना?"

"सांगितलं की. ते दाढी करत होते. म्हटलं, मी बसने पुढे जाते. ते म्हणाले, टॉवेल दे. दिला, आणि आले."

धाकटी आता हसली. मावशीने बॅग खाली ठेवली, खोलीकडे पाहिलं, पलंगांकडे पाहिलं आणि थोरलीच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "काय बिघडलंय?"

थोरलीने सांगितलं. मावशी ऐकून झाल्यावर एका गादीचं प्लॅस्टिक सोडवायला घेत म्हणाली, "मग मी राहते."

थोरलीला इतकं हलकं वाटलं की तिने मावशीचे दोन्ही हात धरले. "राहाल? दोन-चार दिवस जरी निभावलंत तरी पुरे. तोवर आम्ही कुणीतरी शोधतो."

"शोधू नका कुणाला," मावशी म्हणाली. "मी कायमची राहते म्हणतेय. त्या बाई असत्या तरी मी त्यांच्या हाताखाली काम मागायला आले होते. मी घरून ठरवूनच निघालेय."

*

नर्सबाई, म्हणजे या दोघींच्या सासूबाई, थोरल्या मुलासोबत, म्हणजे दादासोबत, कपबशांची खोकी घेऊन आल्या तेव्हा वरच्या खोलीत तिघी जणी तीन पलंगांवर बसल्या होत्या. घरात त्यांना सगळे आईच म्हणत. मंडळ त्यांनीच काढलेलं. दवाखान्याच्या धोबीखान्यात, चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून, चार नर्सेसनी मिळून. तेव्हापासून किती मुलींच्या फिया, किती बायकांची बाळंतपणं, किती जणींना रात्रीपुरता आसरा दिला याची आईंना आठवणही राहिली नव्हती. आता गुडघे कुरकुरत होते, पण जीभ शाबूत होती.

थोरलीने काय घडलं ते सांगितलं. आईंनी खोकं खाली ठेवलं.

"काहीतरीच काय, चिमणे," त्या बहिणीला म्हणाल्या. "या वयात?"

"या वयात म्हणजे? रेक्टर काय विशीतली लागते?"

"तसं नाही. तुला घर आहे, संसार आहे."

"आहे ना. आणि तो चालतो, ताई. कामाला माणसं आहेत, त्यांना काय करायचं ते साहेब सांगतात. मी असते एवढंच. खुर्चीसारखी. बसायला कुणी आलं की हलवतात."

दादाने दार लोटून घेतलं. तो कोपऱ्यावर औषधांचं दुकान चालवायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा तसा हळू, समजुतीच्या आवाजात बोलायचा. "मावशी, तू म्हणतेस ते बरोबर असेल. पण आज नको. साहेब पाहुणे म्हणून येतायत, वर्तमानपत्रवाला येतोय. त्यांच्या डोक्यात काही गेलं आणि ते तसेच परत फिरले तर मंडळाची काय शोभा राहील? आज तू खाली पहिल्या रांगेत बस. पुढच्या आठवड्यात मी स्वतः बोलतो त्यांच्याशी."

"तू?" धाकटी म्हणाली. "दादा, तुम्ही साहेबांसमोर आजवर 'हो, हो' पलीकडे काय बोललात?"

"तू मधे पडू नकोस."

"मधेच उभी आहे मी. पडू कुठे?"

आईंनी दोघांना हाताने गप्प केलं. त्यांच्या आवाजात एक चीड होती, आणि ती कुठून आली ते त्यांना स्वतःलाच उमगत नव्हतं. "हे बघ. साहेबांनी कधी हात उगारलाय तुझ्यावर? कधी काही कमी केलंय? मंडळ गरजू बायकांसाठी आहे."

"मग मी कोण?" मावशीने विचारलं.

भांडणासाठी विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, एखादा रस्ता विचारावा तसं. थोरलीने सासूकडे पाहिलं. बारा वर्षांत तिने सासूच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मंडळात आईंचं मत ते तिचं मत, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि धाकटी त्यावरून तिला टोमणेही मारायची. पण उत्तर येईना तेव्हा तिला अवघडल्यासारखं झालं.

"तू नर्सिंगला होतीस," मावशी पुढे म्हणाली, "तेव्हा मी एकदा तुझं स्वेटर द्यायला आले होते. आठवतं?"

"नाही बाई."

"कसं आठवेल, तुझी ड्युटी होती. मी तुझ्या खोलीत बसून राहिले दिवसभर. ओळीने पलंग होते. एका पोरीने केस धुतले होते आणि ती खिडकीत वाळवत बसली होती. दुसरी मोठ्याने हाडांची नावं पाठ करत होती. तिसरी म्हणाली, चुकलीस, आणि मग त्यांचं त्यावरून जे जुंपलं. मला त्यांनी चहा दिला, आणि विचारलं, तू केव्हा येणार शिकायला? मी म्हटलं, बघू. परतीच्या बसमध्ये मला वाटत होतं, काहीतरी होऊन बस मागे फिरावी."

"मला कधी बोलली नाहीस."

"बाबा होते ना घरी."

आई खाली बसल्या. बाबांचं एक अंग लुळं पडलं होतं, घरात कुणीतरी लागणार होतं, आणि कुणी थांबायचं हा प्रश्न त्या घरात कधी कुणी काढलाच नव्हता. मोठी शिकायला गेली होती. उरली होती ती राहिली. इतकं सरळ होतं ते, की आजवर इतक्या वर्षांत आईंना त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

"तरीसुद्धा," त्या म्हणाल्या आणि कपबशांचं खोकं उघडू लागल्या.

"मी एक सुचवू का?" थोरली उठली. आवाज हेडबाईंचा होता. "मंडळात ओळखीवर कुणाला नेमत नाहीत, हा आईंचाच नियम आहे. मावशींना काम हवंय. मग बाकीच्यांची घेतली तशी यांचीही मुलाखत घेऊ. निकषात बसल्या तर बसल्या. नाही बसल्या तर साहेबांना कळायचंही कारण नाही."

दादाला हे पटलं, कारण त्याला वाटलं, मावशी काही बसत नाही. धाकटी थोरलीकडे बघतच राहिली. सासूचं बोलणं पुरं व्हायच्या आत आपल्या मताने उठलेली जाऊबाई ती प्रथमच पाहत होती.

*

मुलाखत खालच्या छोट्या खोलीत झाली. तिथे पूर्वी छपाईचे खिळे जुळवणारा कामगार बसायचा. टेबलाच्या एका बाजूला थोरली, तिच्या शेजारी आई, खिडकीशी धाकटी. मावशी समोर खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. जन्मात तिची मुलाखत कुणी घेतली नव्हती. पण गंमत म्हणजे तिला भीती वाटत नव्हती. लोक प्रश्न विचारत होते आणि उत्तर येईपर्यंत थांबत होते. हे तिला फार आवडलं.

"या कामाचा अनुभव?" थोरलीने विचारलं.

"आजारी वडील सांभाळले. मुलगा वाढवला, तो आता परदेशी असतो. आणि एक नवरा."

धाकटीने खिडकीबाहेर तोंड केलं.

"मुलगी ठरलेल्या वेळेनंतर आली तर काय कराल?"

"आधी जेवायला घालीन. मग रागवेन. उपाशी पोटी कुणाला काही ऐकू येत नाही."

"दोघींचं भांडण झालं तर?"

"कशावरून?"

"समजा, पंख्यावरून. एकीला हवा, एकीला नको."

"पलंग बदलून देईन. पण लगेच नाही. दोन दिवस भांडू देईन. भांडल्याशिवाय मैत्री होत नाही," मावशी म्हणाली, आणि दोघी जावांनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

"रात्री कुणाला ताप भरला तर?"

"ताईला फोन करीन. आणि तिने सांगितलं तर गाडीत घालून दवाखान्यात नेईन."

"ती वेळ अशी की रिक्षाही मिळणार नाही. गाडी कोण चालवणार?"

"मी," मावशी म्हणाली. "मंडळाची गाडी आहे ना दारात. परवाना मिळालाय मला मागच्या महिन्यात."

आईंनी चष्मा काढून पुन्हा लावला. "तुला गाडी येते? कुठे शिकलीस?"

खिडकीशी उभी असलेली धाकटी छताचा रंग फार बारकाईने पाहू लागली होती.

"बुधवारी," थोरली सावकाश म्हणाली. "दर बुधवारी तुम्ही दाताच्या डॉक्टरांकडे म्हणून इथे यायचात. मी म्हणायचे, एवढे बुधवार झाले, मगरीचे दात असते तरी संपले असते."

"एक दात खरंच काढला," मावशी प्रामाणिकपणे म्हणाली.

"आणि तू मला बोलली नाहीस," थोरलीने जावेला सुनावलं.

"बोलले असते तर तुम्ही आईंना सांगितलं असतंत, आईंनी साहेबांना. मावशी चढावर गाडी मागे न येऊ देता उचलतात, जाऊबाई. माझ्या क्लासमधल्या पोरांना अजून जमत नाही ते."

थोरलीने रागवायचं पुढे ढकललं. तिने विचारायचं म्हणून शेवटचा प्रश्न विचारला, "स्वतःतली उणीव कोणती वाटते?"

मावशीने बराच विचार केला. "मला ठाम बोलता येत नाही."

"हे तर ठामच बोललात."

"मग ती गेली असेल."

थोरलीने हसू दाबलं आणि सासूकडे वळली. आईंनी टेबलावर हात ठेवला होता. "काखेत कळसा," त्या पुटपुटल्या. मग मोठ्याने, जरा नाराजीनेच, "मी कोण सांगणारी? अध्यक्ष तू आहेस."

"मग नेमलं," थोरली म्हणाली. "मावशी, तुमची काही अट?"

"एकच. साहेबांना मी सांगणार. माझ्या तोंडाने. फक्त ते मला वाक्य पुरं करू देत नाहीत, तेवढं तुम्ही कुणीतरी बघा."

*

तेवढं बघणं सोपं नव्हतं.

साहेब आले ते गाडीतून उतरण्याआधीच बोलत होते. उंच, देखणे, मनाने खरोखर चांगले गृहस्थ. मंडळाच्या या इमारतीला वाळवी लागली होती तेव्हा त्यांनीच उन्हात उभं राहून तुळया बदलून घेतल्या होत्या, आणि दादाला दुकानासाठी जागाही त्यांनीच मिळवून दिली होती. म्हणून तर दादाला त्यांच्यासमोर वाक्य सुचत नसे. त्यांनी आल्या आल्या भिंतीतली ओल शोधली, पायऱ्यांची उंची बरोबर असल्याचं जाहीर केलं, आणि बायको दिसताच म्हणाले, "कुठे होतीस? घरभर हाका मारल्या. चहा घेतलास ना? हिला बिनसाखरेचा द्या हो."

"मी साखर घेते," मावशी म्हणाली.

"बिनसाखरेचा," साहेबांनी चहावाल्या बाईंना पुन्हा सांगितलं.

"अहो, मला तुमच्याशी जरा—"

"नंतर, नंतर. आधी ती गच्ची बघू दे. पाणी तुंबत असेल तिथे."

दादाने त्यांना बाजूला घेण्याचा प्रयत्न केला आणि गच्चीवर तुंबणाऱ्या पाण्याविषयी सगळं ऐकून परत आला. थोरलीने, "साहेब, एक बदल झालाय," अशी सुरुवात केली, तर ते म्हणाले, "बदल चांगला असतो," आणि पुढच्या खोलीत गेले. धाकटीचा सल्ला होता, त्यांना गाडीत बसवून दार लॉक करावं. तो विचारात घेतला गेला नाही.

मुली येऊ लागल्या होत्या. पेट्या, पिशव्या, उशा, एकीच्या हातात पिंजऱ्यातला पोपट, जो तिच्या भावाने लगेच परत नेला. शेवटी फाटकासमोर एक मालट्रक येऊन थांबला, साहेबांच्या गाडीचा रस्ता पुरता अडवून. वरून एक ट्रकवाला उतरला, आणि त्याच्या मागून त्याची मुलगी. मुलगी लहानखुरी होती आणि डोळे रडून सुजलेले. तंत्रशाळेत मोटारींची वायरिंग शिकायला तिला जागा मिळाली होती. घरात आई नव्हती. बाप महिन्यातले बहुतेक दिवस रस्त्यावर असायचा.

त्याने टोपी काढली. पलंग पाहिला, खिडकीचे गज हलवून पाहिले, नळ सोडून पाहिला. पण पेटी काही तो खाली ठेवेना.

"इथे राहणाऱ्या बाई कोण?" त्याने विचारलं.

थोरलीने मावशीकडे हात केला. साहेब तिथेच होते. त्यांनी भुवया वर केल्या, पण त्यांना वाटलं, ओळख करून देताना काहीतरी घोटाळा झाला.

"बाई," ट्रकवाला मावशीला म्हणाला, "माझी पोर अंधारात घाबरते. घरी शेजारी आजीबाई आहेत, त्या येऊन निजतात. इथे रात्री ती घाबरून उठली तर कोण उठणार?"

"त्याची सगळी व्यवस्था केलेली आहे," साहेब म्हणाले. "प्रत्येक जिन्यात दिवा आहे. चोवीस तास. वायरिंग मी स्वतः पाहिलंय. आणि हिचं म्हणाल, तर ही माझी मिसेस, ही फक्त आजच्यापुरती—"

"साहेब," आई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. वॉर्डात पेशंट गोंगाट करू लागले की त्या अशी एकच हाक मारायच्या आणि खाटांवरची माणसं सरळ निजायची. साहेब थांबले.

"प्रश्न तिला विचारलाय," आई म्हणाल्या. "ती उत्तर देईल."

आईंनी बहिणीकडे पाहिलं नाही. हे बोलायला आपण चाळीस वर्षं उशीर केला की वेळेवर बोललो, ते त्यांना कळत नव्हतं. बोलून बरं वाटलं, एवढं कळलं.

मावशी त्या मुलीसमोर गेली. तिने बापाला नाही, मुलीलाच सांगितलं.

"मी उठेन. माझी खोली तुझ्या खोलीला लागून आहे. पण खरं सांगू? आज मीही घाबरणार आहे. मी आजवर कधी एकटी राहिलेली नाही. आधी वडील होते, मग मुलगा होता, हे होते. तेव्हा तुला जाग आली तर तू माझं दार वाजव, आणि मला आली तर मी तुझं वाजवीन. चालेल?"

मुलीने नाक पुसलं. "तुम्ही घोरता का?" तिने विचारलं.

"ते यांना विचार," मावशी म्हणाली, आणि साहेबांकडे बोट केलं.

सगळे साहेबांकडे पाहू लागले. "थोडीशी," ते शेवटी म्हणाले.

मुलगी हसली. ट्रकवाल्याने पेटी खाली ठेवली.

*

मागच्या अंगणात छापखान्याचं एक जुनं यंत्र पडलं होतं. ते कुणाला हलवता आलं नव्हतं, म्हणून त्याच्याभोवती कुंड्या लावल्या होत्या. साहेब त्याच्या कडेवर जाऊन बसले. मावशी त्यांच्या मागोमाग आली आणि उभी राहिली.

"मला आधी सांगायचं नाही?" ते म्हणाले.

"तीनदा सांगितलं. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, मागचं चाक बसलंय. दुसऱ्यांदा म्हणालात, आधी बातम्या होऊ देत. आज सकाळी म्हणालात, टॉवेल दे."

साहेबांनी आठवून पाहिलं. चाक खरंच बसलं होतं. ती दारात उभी राहून काहीतरी म्हणत होती हेही आता आठवलं, तिचे हलणारे ओठ आठवले, शब्द आठवेनात. त्यांना एकदम विचित्र वाटलं. नदीच्या तळाची माती कशी आहे हे न पाहता त्यांनी कधी पुलाचा एक खांब उभा केला नव्हता.

"मी तुला काही कमी केलं का?"

"नाही."

"मग मला सोडून चाललीस?"

"सोडून कुठे? नोकरीला लागलेय. तुम्ही पुलावर जायचात तेव्हा महिना महिना घरी नसायचात, तेव्हा मला सोडून जायचात का?"

बाजूने धाकटी उगीचच कुंड्यांना पाणी घालत होती. त्यांनी तिला पाहिलं आणि घसा खाकरला.

"रविवारी?" त्यांनी विचारलं.

"रविवारी सुट्टी आहे. घरी येईन. गाडी घेऊन."

"कुठली गाडी? कोण चालवणार?"

"मी."

"तुला गाडी कुठे येते?"

धाकटी झारी तशीच टाकून आत गेली.

साहेबांनी फीत कापली. कात्री बोथट होती, ते काही बोलले नाहीत. मग भाषणाला उभे राहिले. त्यांचं भाषण लांबणार हे धरून मंडळाने जेवण उशिरा ठेवलं होतं. त्यांनी समोर बसलेल्या मुलींकडे पाहिलं, त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाले, "इमारत पक्की आहे. ती मी पाहिली. आत काय चालेल ते मला माहीत नाही. ते रेक्टरबाईंना विचारा." आणि बसले.

टाळ्या पडायला जरा वेळ लागला, कारण संपलं असं कुणाला वाटेना. दादा सगळ्यात आधी उठला आणि मोठमोठ्याने टाळ्या वाजवू लागला. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं आणि मनाशी म्हटलं, चला, याचीही जीभ सुटेल कधीतरी. जेवण तयार नव्हतं म्हणून मग सगळ्यांनी मिळून गाद्यांवरचं प्लॅस्टिक काढलं. साहेबांनीही दोन काढली.

*

संध्याकाळी पाहुणे गेले, ट्रक गेला, साहेबांची गाडी गेली. आई निघताना बहिणीच्या खोलीत आल्या, चादर ओढून सरळ केली, कोपरे नर्सिंगच्या पद्धतीने घट्ट खोचले. "असे खोचायचे," त्या म्हणाल्या, "म्हणजे सुटत नाहीत." मावशीने दुसऱ्या बाजूचे कोपरे तसेच खोचले. एवढंच बोलणं झालं, आणि दोघींना ते पुरलं.

मग वर जे सुरू झालं त्याला मावशीची तयारी नव्हती. एकीला बादली सापडेना. एकीने केस धुतले आणि फरशीभर पाणी केलं. दोघींचं पंख्यावरून वाजलं, अगदी थोरलीने सांगितलं होतं तसं, आणि मावशीने ठरवल्याप्रमाणे भांडू दिलं. ट्रकवाल्याची मुलगी जिन्यातल्या दिव्याचं बटण उघडून आत कशा तारा आहेत ते बघत होती, तिला आधी तिथून ओढून आणावं लागलं.

खालचा फोन वाजला. बादलीवाली मुलगी धावत जाऊन घेऊन आली निरोप. "रेक्टरबाई, कुणी साहेब आहेत. मी सांगितलं, बाई हजेरी घेतायत, जेवणानंतर करा."

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

जेवणं झाली, ताटं विसळून झाली, आणि फोन पुन्हा वाजला. मावशीने ओले हात पुसले आणि तो उचलला.

"हॅलो. वसतिगृह."

पलीकडून साहेबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू, आपल्याच घरात कुणाला जाग येईल अशा बेताने बोलल्यासारखा.

"मी सगळी इमारत पाहिली," ते म्हणाले, "पण तुझी खोली राहिली. कशी आहे?"

मावशीने पुढच्या वाक्याची वाट पाहिली. सवयच होती. आता ते खिडकी किती बाय किती असावी ते सांगतील, वारा कुठून येईल ते सांगतील. पण पुढचं वाक्य आलं नाही. तारेवर नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.

तिने जिन्याची पायरी पुसली आणि तिथेच बसली. वर कुणीतरी खिदळलं, कुणीतरी 'शू' केलं.

"लहान आहे," ती म्हणाली, "पण ऐका, तिच्या खिडकीतून काय दिसतं ते सांगते."